गाजलेले गोल आणि त्यांचे बॉल

कोपऱ्यातला_झेंडा

२०२२ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन लिलाव झाले. मे महिन्यात अर्जेंटिनाच्या मॅराडोनाचा ८६ च्या वर्ल्डकपमधल्या इंग्लंड मॅचचा शर्ट ७१ लाख पौंडांना गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच मॅचचा बॉल २० लाख पौंडांना. मला हे काही पटलेलं नाही. शर्टाने काय केलं हो त्या मॅचमध्ये? घाम टिपला. खरं काम बॉलने केलं, ५१ व्या मिनिटाला तो हाताने आत गेला, ५५ व्या मिनिटाला पायाने, आणि दोन्ही वेळा हाच, कारण तेव्हा आत्तासारखे मैदानाच्या कडेने जादा बॉल मांडून ठेवायची पद्धत नव्हती, त्या मॅचला एकच बॉल शेवटपर्यंत चालला. मॅच संपल्यावर तो ट्युनिशियाचे रेफ्री अली बिन नासर घेऊन गेले आणि ३६ वर्षं त्यांच्याकडेच होता. म्हणजे ज्यांना हात दिसला नाही त्यांच्याच घरी पुरावा.

तर या धाग्यावर गाजलेला गोल आणि त्याचा बॉल अशी जोडी लिहा. अट एकच, नुसतं 'काय गोल होता राव' नको, गोल सगळ्यांनी पाहिलेत. बॉलचं काहीतरी सांगा. कसला होता, नंतर कुठे गेला, दुसरा बॉल असता तर काय झालं असतं.

माझा नंबर एक १९७० च्या वर्ल्डकपची फायनल, कार्लोस आल्बेर्तोचा गोल, ब्राझील ४ इटली १. बॉल टेलस्टार. बत्तीस तुकडे, १२ काळे पंचकोन आणि २० पांढरे षटकोन. तो असा केला तो टीव्हीसाठी, कारण बहुतेक लोकांच्या घरी सेट ब्लॅक अँड व्हाइट आणि त्याच्यावर चॉकलेटी बॉल गवतात हरवायचा. आता हा गोल बघा. क्लोदोआल्दो आपल्याच हाफमध्ये चार इटालियन लोकांना चकवतो, मग रिवेलिनो, जाइर्झिन्यो, पेले, आणि पेले मान वर न करता उजवीकडे सोडून देतो, आणि एवढ्या सगळ्या प्रवासात बॉल कुठेही नजरेतून सुटत नाही, काळे ठिपके फिरताना दिसतात त्यामुळे तो किती सावकाश घरंगळतोय तेही कळतं. शेवटी रिप्ले हळू करून बघा, किक बसायच्या जरा आधी बॉल गवतावरून किंचित उडतो. तो उडाला नसता तर एवढी स्वच्छ बसली असती का माहीत नाही.

आजही फोनवर फुटबॉलची इमोजी काढलीत तर बहुतेक ठिकाणी हाच बॉल येतो. मॅचला ५० वर्षं उलटून गेली तरी.

जुना_कूपरेज

झेंडाभाऊ, चांगला विषय काढलात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कातडी बॉल हातात धरलेला नसेल म्हणून आधी ते सांगतो. आत रबरी ब्लॅडर, त्याला नळी, पंपाने हवा भरायची, नळी दुमडून दोऱ्याने बांधायची, ती आत कोंबायची आणि वरून चामड्याची वादी ओवून आवळायची. ती वादी जिथे असेल तिथे हेडर बसला की कपाळावर शिक्का. आणि पाऊस असेल तर विचारू नका. मुंबईत जून-जुलैमध्ये खेळलेल्यांना विचारा. नियमात वजन ४१० ते ४५० ग्रॅम लिहिलंय, पण ते मॅच सुरू होतानाचं. सेकंड हाफमध्ये चामडं पाणी पिऊन काय होतं ते नियमात नाही. इंग्लंडचा जेफ ॲसल हेडरसाठी प्रसिद्ध होता, २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला आणि चौकशीत निष्कर्ष निघाला की वर्षानुवर्षं जड कातडी बॉल डोक्याने मारून मेंदूला इजा झाली. जुन्या गोलांच्या आठवणी काढताना हे पण आठवावं.

आता माझी जोडी. १९६६ ची फायनल, वेम्बली, जेफ हर्स्टचा १०१ व्या मिनिटाचा गोल. बॉल स्लेझेंजरचा, २५ तुकड्यांचा, नारिंगी. क्रॉसबारला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. स्विस रेफ्री डीन्स्ट यांना कळेना, ते लाईन्समनकडे गेले, ते सोव्हिएत संघाचे तोफिक बहरामोव. त्यांनी मान डोलावली. पुढे ऑक्सफर्डच्या लोकांनी फिल्मवरून कॉम्प्युटरने मोजमाप केलं, तर बॉल पूर्ण आत गेलेलाच नव्हता, निदान ६ सेंटीमीटर कमी पडले. बहरामोव यांचं काही बिघडलं नाही, बाकूमधल्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे.

गंमत पुढे आहे. हर्स्टने हॅट्ट्रिक केली, म्हणजे रिवाजाप्रमाणे बॉल त्याचा. पण तो उचलला जर्मनीच्या हेल्मुट हालरने (मॅचमधला पहिला गोल त्याचा) आणि सरळ घरी नेऊन पोराला वाढदिवसाला दिला. इंग्रज कप मिरवत बसले आणि बॉल ३० वर्षं जर्मनीत. १९९६ च्या युरो कपच्या वेळी इंग्लिश वर्तमानपत्रांनी धोशा लावून तो परत आणवला, आता मँचेस्टरच्या नॅशनल फुटबॉल म्युझियममध्ये आहे.

रंकाळ्याचा_विंगर

नाद खुळा धागा! काका वादीचं वाचून आमच्या आजोबांचीच आठवण झाली, ते पण अस्संच सांगायचे, कपाळावरचा वण दाखवून.

माझी जोडी पहिल्याच वर्ल्डकपची. १९३० फायनल, माँटेव्हिडिओ, उरुग्वे विरुद्ध अर्जेंटिना. मॅचच्या आधी भांडण कशावरून तर बॉल कुणाचा वापरायचा. दोघांनी आपापला आणलेला, दोघंबी ऐकंनात. शेवटी तोडगा काय, फर्स्ट हाफ अर्जेंटिनाच्या बॉलने, सेकंड हाफ उरुग्वेच्या. आणि निकाल बघा. हाफ टाइमला अर्जेंटिना २-१ ने पुढं. सेकंड हाफला बॉल बदलला आणि उरुग्वेने तीन घातले, ४-२. शेवटचा गोल हेक्टर कास्त्रोचा, ज्याचा एक हात लहानपणी करवतीत गेलेला. आता बोला.

रेफ्री बेल्जियमचे लांगेनस, त्यांनी मॅचला उभं राहायच्या आधी स्वतःच्या जिवाची हमी मागून घेतली होती म्हणे. कोल्हापूरची पाटाकडील-दिलबहार मॅच शाहू स्टेडियमवर बसून बघितलेल्या माणसाला यात काय नवल वाटायचं नाही :)

कडू_कारलं

सगळ्यांच्या रंगाचा बेरंग करतो, सवय आहे.

उरुग्वेने मॅचमधला पहिला गोल १२ व्या मिनिटाला केला, दोरादोने, म्हणजे अर्जेंटिनाच्याच बॉलवर. मग बॉलचं काय राहिलं? घरचं मैदान, घरचं पब्लिक, सेकंड हाफला समोरच्यांची दमछाक, हे कारण नाही का पुरत? बॉल गोल करत नाही, माणूस करतो. झिदानची २००२ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमधली व्हॉली घ्या, हॅम्पडन पार्क, लेव्हरकुसेनविरुद्ध. रॉबर्टो कार्लोसने वर उडवलेला बॉल आभाळातून खाली येतोय आणि हा उजव्या पायाचा माणूस डाव्या पायाने तो तसाच आत मारतो. त्या बॉलवर तारे होते की चांदण्या, काय फरक पडतो?

लिलावाचं पण तेच. लोक मॅराडोनाच्या अंगाला लागलेली वस्तू विकत घेतात. बॉल तर त्या दिवशी २२ जणांनी लाथाडला.

रंकाळ्याचा_विंगर

कारलंभाऊ, २२ जणांनी लाथाडला पण बुक्की एकानेच मारली. त्याचे २० लाख.

दाब_१_बार

कारल्याला उत्तर द्यायलाच लॉग इन केलं. माणूस गोल करतो हे मान्य, पण हवेत गेल्यावर बॉल माणसाचं ऐकत नाही, हवेचं ऐकतो. आणि हवा शिवणीचं ऐकते.

क्रिकेटवाल्यांना पटकन कळेल. क्रिकेट बॉलची शिवण आणि एक घासलेली बाजू यामुळे दोन्हीकडची हवा वेगवेगळ्या जागी बॉल सोडते म्हणून स्विंग होतो. यावर ज्यांनी आयुष्यभर काम केलं ते नासाच्या एम्स सेंटरमधले रबी मेहता, त्यांनीच पुढे वर्ल्डकपचे फुटबॉल पण विंड टनेलमध्ये तपासले. मुद्दा असा की बॉल न फिरवता मारला तर एका ठराविक वेगाच्या आसपास तो हवेत डुलतो, कधी डावीकडे कधी उजवीकडे, गोलकीपरला काही कळत नाही. हा वेग किती ते बॉलच्या खडबडीतपणावर ठरतं. जुन्या ३२ तुकड्यांच्या बॉलला तो ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. पण २०१० च्या वर्ल्डकपचा बॉल जाबुलानी फक्त ८ तुकड्यांचा, शिवण नाहीच, उष्णतेने चिकटवलेला, सांधे सगळे मिळून जेमतेम २ मीटर. तो जास्त गुळगुळीत म्हणून त्याचा डुलायचा वेग ताशी ८० च्या वर गेला. आणि वर्ल्डकपमधली लांबून मारलेली किक किंवा फ्री किक नेमकी त्याच वेगात असते. म्हणजे जे डुलणं आधी संथ पासला व्हायचं ते आता थेट गोलवर मारलेल्या शॉटला व्हायला लागलं. त्यात दक्षिण आफ्रिकेची बरीच मैदानं उंचावर, जोहान्सबर्ग साधारण १७०० मीटर, हवा विरळ, बॉल वळायला कमी आणि लांब जायला जास्त.

२०१४ ला ब्राझुकाचे तुकडे आणखी कमी, सहाच, पण प्रत्येक तुकडा पंख्याच्या पात्यासारखा वाकडा त्यामुळे सांध्यांची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास, आणि सांधे खोल. बॉल परत शहाण्यासारखा वागायला लागला. म्हणजे तुकडे मोजून काही कळत नाही, सांधा मोजावा लागतो.

आता आकडे. २०१० ला ६४ मॅचमध्ये १४५ गोल. २०१४ ला तेवढ्याच मॅचमध्ये १७१. सगळं श्रेय बॉलचं नाही म्हणणार, पण कारल्याने सांगावं की दर चार वर्षांनी माणसांचे पाय एवढे बदलतात का.

कडू_कारलं

२००६ ला पण १४७ च होते की. तेव्हा कुठे जाबुलानी होता. आकडे आपल्याला हवे तेवढेच काढायचे म्हणजे सोपं आहे.

दाब_१_बार

२००६ चा टीमगाइस्ट पण चिकटवलेलाच, १४ तुकड्यांचा, तोही गोलकीपरांनी नावाजलेला नाही. तुम्ही माझीच बाजू मांडताय.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

जाबुलानीला सगळे नावं ठेवतात म्हणून मी त्याच्या बाजूने लिहितो. ब्राझीलचा गोली जुलियो सेझार म्हणाला होता की हा सुपरमार्केटात मिळणाऱ्या बॉलसारखा आहे. गोली लोक असंच बोलणार रे, त्यांना कुठला नवीन बॉल आवडलाय आजपर्यंत? मी स्वतः गोलमध्ये उभा राहायचो, शाळेच्या टीमला, त्यामुळे आमची जात मला माहीत आहे.

पण उरुग्वेचा दिएगो फोर्लान बघा. सगळे रडत होते तेव्हा त्या माणसाने बॉल समजून घेतला. घानाविरुद्धची क्वार्टर फायनल आठवते सगळ्यांना ती सुआरेझने गोललाईनवर हाताने अडवलेल्या बॉलसाठी, पण त्याच्या आधी फोर्लानने डावीकडून जी फ्री किक मारली ती परत बघा. गोली किंगसन एका बाजूला निघतो आणि बॉल मधेच मत बदलतो. सेमी फायनलला नेदरलँड्सविरुद्ध परत लांबून, आणि तेही केप टाऊनला, म्हणजे समुद्रकाठी, तिथे विरळ हवेची मदत नाही. पाच गोल आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू. त्याच मॅचमध्ये व्हान ब्राँकहोर्स्टने तर तीस-पस्तीस मीटरवरून पोस्टला लावून आत घातला, माझ्या मते त्या स्पर्धेतला सगळ्यात सुंदर गोल. आणि जपानचा होंडा, डेन्मार्कविरुद्धची फ्री किक, न फिरणारा बॉल कसा मारायचा त्याचा क्लासच. मग एंडोने दुसरी मारली, ती वळवून. एकाच मॅचमध्ये दोन प्रकार, एकच बॉल.

म्हणून माझं मत, बॉल वाईट नव्हता, अभ्यास न करता आलेले लोक जास्त होते.

डाव्या_पायाची

एवढे प्रतिसाद झाले आणि एकाही बाईचा गोल नाही, चालू द्या.

२०१५ ची महिला वर्ल्डकप फायनल, व्हँकुव्हर, अमेरिका विरुद्ध जपान. कार्ली लॉइडने पहिल्या १६ मिनिटांत हॅट्ट्रिक केली. तिसरा गोल मधल्या रेषेवरून. म्हणजे खरोखर मधली रेषा, तिने मान वर केली, जपानची गोलकीपर काइहोरी पुढे आलेली दिसली आणि मारला. काइहोरी मागे मागे पळताना लडखडते, बोटं लागतात, पोस्टला लागून आत. त्या फायनलला खास वेगळा बॉल होता, कॉनेक्स्ट १५ चं फायनल व्हर्जन, महिला वर्ल्डकपच्या फायनलला असा स्वतंत्र बॉल देण्याची ती पहिलीच वेळ. पुरुषांना ते २००६ पासून मिळत होतं, सोनेरी टीमगाइस्ट. तेव्हा काकांच्या हर्स्टबरोबर तिचंही नाव घ्या, हॅट्ट्रिक फायनलमध्येच आहे आणि लाईनच्या आत गेला की नाही असली भानगड पण नाही.

जुना_कूपरेज

ताई, घेतलं नाव. मधल्या रेषेवरून मारणं आमच्या वेळच्या भिजलेल्या बॉलने कुणाला जमलं नसतं हेही खरं, तो बॉल पेनल्टी एरियापर्यंत पोचला तरी टाळ्या पडायच्या.

आणि लाईनचं म्हणाल तर नियतीने हिशोब चुकता केला. २०१०, ब्लोमफोंटेन, परत इंग्लंड-जर्मनी. इंग्लंडच्या लँपार्डचा शॉट क्रॉसबारला लागून चांगला हातभर आत पडला, सगळ्या जगाने पाहिला, रेफ्री-लाईन्समनने नाही. ६६ ला नसलेला दिला, ४४ वर्षांनी असलेला दिला नाही. त्यानंतरच २०१४ च्या वर्ल्डकपला गोललाईन टेक्नॉलॉजी आली.

अवांतर_वाला

मॅचचा बॉल सोडून दुसऱ्याच बॉलने झालेला गोल चालेल का? ऑक्टोबर २००९, सदरलँड विरुद्ध लिव्हरपूल. पाचव्याच मिनिटाला डॅरेन बेंटने शॉट मारला आणि पेनल्टी एरियात कुणीतरी स्टँडमधून टाकलेला बीचवर खेळायचा फुगीर लाल बॉल पडला होता. खरा बॉल त्याला आपटला, दिशा बदलली, गोली पेपे रेइना बिचारा दोन बॉल बघून गोंधळला, एक इकडे एक तिकडे, आणि खरा आत. नियमाप्रमाणे खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यायला हवा होता, रेफ्रीने गोल दिला. मॅच १-० नेच संपली. रेफ्रीला पुढच्या आठवड्यात खालच्या डिव्हिजनला पाठवलं. आणि कळस म्हणजे तो बीच बॉल लिव्हरपूलच्याच पब्लिकने टाकलेला, त्यांच्याच क्लबचा लोगो असलेला.

झेंडासाहेब, याला किती पौंड?

कोपऱ्यातला_झेंडा

याला माझ्या हिशोबाने शर्टापेक्षा जास्त.

जालंधर_मेल

मी नोकरीच्या निमित्ताने पंजाबात राहून आलो त्यामुळे बॉल कोण करतं यावर थोडं. सगळे अडिडास-अडिडास म्हणतात पण हाताने शिवलेले फुटबॉल जगाला वर्षानुवर्षं सियालकोटने पुरवले. फाळणीत तिथले कारागीर आणि धंदेवाले इकडे आले आणि जालंधरला वसले, म्हणून आपल्याकडचे बहुतेक फुटबॉल आजही जालंधर नाहीतर मेरठचे. बत्तीस तुकडी बॉल शिवताना तो उलटा शिवतात, टाके आतून, दोन सुया, मेणलेला दोरा, आणि शेवटचे दोन तुकडे राहिले की सुलटा करून बंद करायचा. शेवटचा टाका आत कसा लपवतात ते बघत राहावं असं काम आहे.

यात पोरं पण बसायची, ९० च्या दशकात त्याचे फोटो बाहेर आले आणि बोंब झाली, मग १९९७ मध्ये सियालकोटच्या कारखानदारांनी बालमजुरी काढून टाकायचा करार केला. हे सांगायचं कारण, १९९८ पर्यंतच्या कुठल्या गाजलेल्या गोलचा बॉल म्हणजे कुणाच्या तरी हातचे टाके. नेदरलँड्सच्या बर्गकांपचा अर्जेंटिनाविरुद्धचा गोल घ्या, ९८, मार्सेल, शेवटचं मिनिट. फ्रँक डी बोअरने अर्ध्या मैदानावरून उचलून दिलेला पास, पहिल्या टचला तो बॉल बुटावर मेल्यासारखा थांबतो, दुसऱ्या टचला आयाला बाद, तिसऱ्याला गोल. बॉल ट्रायकलर, वर्ल्डकपचा पहिला रंगीत. एवढ्या उंचीवरून आलेला बॉल असा थांबतो तेव्हा मला पायाइतकंच त्या शिवणाऱ्याला पण मानावंसं वाटतं.

२०१४ चा ब्राझुका सियालकोटच्याच फॉरवर्ड स्पोर्ट्सने बनवला, पण तोवर शिवण जाऊन मशीन आलेलं. फायनलचा ग्योट्झेचा गोल, हामेस रॉड्रिगेझची उरुग्वेविरुद्ध छातीवर घेऊन मारलेली व्हॉली, व्हान पर्सीचं ते उडतं हेडर, सगळे मेड इन पाकिस्तान. पाकिस्तानची टीम वर्ल्डकपला कधी गेली नाही, आपलीही गेलेली नाही (१९५० ला संधी मिळूनही गेलो नाही ती गोष्ट इथे काढू नका, वेगळा धागा आहे), पण त्यांचा बॉल फायनलपर्यंत पोचला.

रंकाळ्याचा_विंगर

जालंधरभाऊ, १ नंबर प्रतिसाद.

दाबसाहेब, एक शंका. रॉबर्टो कार्लोसची ९७ ची फ्री किक. ल्योंला, फ्रान्सविरुद्ध. आम्ही पोरं गांधी मैदानावर ती मारायला जाऊन कितीतरी बॉल पंचगंगेच्या दिशेला पाठवले. ती नेमकी कशी?

दाब_१_बार

ती बॉलपेक्षा अंतराची करामत. साधारण ३५ मीटर. त्याने डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारला, फिरकी भयंकर, वेग ताशी १३० च्या आसपास. फिरणाऱ्या बॉलला हवा एका बाजूला ढकलते हे सगळ्यांना माहीत आहे. पण हवा बॉलचा वेग कमी करत जाते आणि फिरकी मात्र जवळजवळ तशीच राहते, त्यामुळे जसजसा बॉल हळू होतो तसतसा तो जास्त वळतो. वर्तुळात नाही, आत आत घट्ट होत जाणाऱ्या वळणात. २०१० मध्ये फ्रेंच संशोधकांनी पाण्यात छोट्या गोळ्या मारून हेच दाखवलं. वीस मीटरवरून मारली असती तर साधी वाकडी फ्री किक दिसली असती, शेवटचा वळसा दिसायच्या आधीच बॉल जाळीत गेला असता. गोलच्या उजवीकडे लांब उभा असलेला बॉलबॉय डोकं खाली घालतो ते त्यामुळेच, त्याला बॉल आपल्याकडे येतोय असंच वाटलं. फ्रान्सचा गोली बार्थेज तर जागचा हललाच नाही. तुमच्या मैदानावर ३५ मीटर अंतर असेल पण ताशी १३० कुठून आणणार.

रंकाळ्याचा_विंगर

१३० मारला की. पण दिशा चुकली. 😀

डाव्या_पायाची

आता बॉललाच सगळं कळतं हेही लिहा कुणीतरी. २०२२ चा अल रिहला, आत सेन्सर, सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवणार. मॅचच्या आधी बॉल चार्जिंगला लावलेले फोटो पाहिले होते ना, फोनसारखे एका रांगेत. पोर्तुगाल-उरुग्वे मॅचला ब्रुनो फर्नांडेसने क्रॉस टाकला, रोनाल्डोने उडी मारली, बॉल आत, रोनाल्डो हात पसरून धावतोय, माझं डोकं लागलं म्हणतोय. बॉलवाल्या अडिडास कंपनीने जाहीर केलं की सेन्सरला काहीच लागल्याचं दिसत नाही. गोल ब्रुनोचा. बॉलने साक्ष दिली आणि जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाचा गोल काढून घेतला.

कडू_कारलं

हे मात्र आवडलं.

पण सेन्सर फक्त बॉलला धक्का कधी बसला ते सांगतो, कुणाचा बसला ते नाही, त्याला कॅमेरे लागतातच. ८६ ला हा बॉल असता तर त्याने 'काहीतरी लागलं' एवढंच सांगितलं असतं. ते इंग्लंडचा गोली शिल्टनला पण माहीत होतं.

फातोर्डा_ईस्ट_स्टँड

जपानचा स्पेनविरुद्धचा गोल राहिला, त्याच वर्ल्डकपचा. मितोमाने गोललाईनवरून बॉल मागे ओढला आणि तानाकाने ढकलला. टीव्हीवर बघताना शंभर टक्के बाहेर दिसत होता. वरून मोजला तर बॉलची गोलाई जेमतेम दोन मिलिमीटर लाईनवर लटकत होती, पूर्ण बाहेर नाही म्हणजे आतच. गोल दिला, जपान जिंकला, आणि तिकडे जर्मनी कोस्टा रिकाला हरवूनही घरी गेली. बॉल चौकोनी असता तर जर्मनी पुढे गेली असती :P

कोपऱ्यातला_झेंडा

२०२६ च्या बॉलचं कुणी लिहीत का नाही? ट्रायोंडा म्हणे चारच तुकड्यांचा. दाबसाहेब, परत जाबुलानी होणार का?

दाब_१_बार

चार तुकडे ऐकून गोलकीपर घाबरणार हे नक्की, पण वर लिहिलं तसं तुकडे मोजू नका. ट्रायोंडाच्या पृष्ठभागावर मुद्दाम खोल खाचा ठेवल्यात, त्या शिवणीचंच काम करतात. मला जास्त उत्सुकता सेन्सरची आहे, अल रिहलामध्ये तो मधोमध टांगलेला होता, आता एका तुकड्याच्या आत बसवलाय आणि तोल राहावा म्हणून बाकीच्या तीन तुकड्यांत वजनं घातलीत.

आणि पहिली मॅच ११ जूनला मेक्सिको सिटीला अझ्टेका स्टेडियमवर, २२४० मीटर उंची, हवा समुद्रकाठापेक्षा पाचव्या हिश्शाने तरी विरळ. ७० चा टेलस्टार, ८६ चा अझ्टेका आणि आता हा, वर्ल्डकपचा तिसरा बॉल त्याच हवेत. लांबून मारलेले शॉट कीपरच्या अंदाजापेक्षा लवकर पोचतील आणि फ्री किक कमी वळतील, एवढं मी आत्ताच लिहून ठेवतो.

रंकाळ्याचा_विंगर

मॅच कुणाची आहे बघितलं का पण? मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. २०१० ची पहिली मॅच पण हीच, तारीख पण ११ जूनच. जाबुलानीचा वर्ल्डकपमधला पहिला गोल त्याच मॅचला, त्शाबालालाने डाव्या पायाने वरच्या कोपऱ्यात घातलेला.

आपल्याकडे रात्री साडेबाराला आहे. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, पेठेत पडदा लावायचं ठरलंय, ज्यांना कोल्हापूर जवळ पडतं त्यांनी या, बसायला आपापली चटई आणा.